अंकलना बोलू द्या

डॉक्टरीणबाईंनी माझा अपमान केला त्या दिवशी मी खरं तर खुशीत होते. मिस्टरांच्या साखरेचे आकडे चांगले आले होते आणि त्यात निम्म्याहून जास्त मेहनत माझी होती. म्हणून मी खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्या विचारतील त्याची उत्तरं द्यायला लागले. जेवण? वेळेवर, दोन भाकऱ्या, भात बंद. चालणं? रोज सकाळी पार्कात चार फेऱ्या. इन्सुलिन? मी स्वतः देते. पायांना काही त्रास? काही नाही, फौजी पाय आहेत, पन्नाशीतल्या माणसाला मागे टाकतील. यावर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आंटी, अंकल को बोलने दीजिए."

तिथे दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, एक नर्स होती. त्यांतला एक शिकाऊ खिडकीकडे तोंड करून हसला. मिस्टरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "सब ठीक है, मॅडम." झालं. एवढ्यासाठी मला गप्प केलं होतं.

मला मुलगी असती तर या बाईंच्याच वयाची असती. मी त्यांना काही बोलले नाही. पण गुरुग्रामच्या हॉस्पिटलमधून द्वारकेला घरी येईपर्यंत मेट्रोत मी एक शब्द काढला नाही आणि मिस्टर दर स्टेशनला माझ्याकडे चोरून बघत होते. मी गप्प बसते तेव्हा काय होतं हे त्यांना तीस वर्षांत चांगलं माहीत झालेलं आहे.

माझा राग समजायला माझं पोट कशावर चालतं हे माहीत असायला हवं. मी सातारा जिल्ह्यातून लग्न होऊन दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती. सरोजिनी नगरला एक्स्पोर्टमधून परत आलेल्या पडद्यांचे आणि चादरींचे गठ्ठे मिळतात हे मला शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईकडून कळलं. एक गठ्ठा आणला, डाग काढले, कडा शिवल्या आणि क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांना विकला. मग दुसरा आणला. हिंदी मी शाळेत नाही, भाव करताना शिकले, त्यामुळे मला अजूनही गोड हिंदी येत नाही. आज पालमला माझं पडद्यांचं दुकान आहे, तीन शिलाई मशिनं आहेत आणि भिंतीवर माझ्या नावाचा परवाना आहे.

भाव करण्यात बोलणं हे वरवरचं काम. खरी कला उठून जाण्यात आहे. पहिल्या पावलाला दुकानदार हसतो. दुसऱ्याला शेजारच्या दुकानदाराकडे बघतो. तिसऱ्याला हाक मारतो. हाक येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही, एवढाच नियम. माझ्या यशात मिस्टरांचा वाटा असा की त्यांना हे नाटक वाटायचंच नाही. मी "चला हो" म्हटलं की ते खरोखर चालू लागायचे, सायकलपाशी जाऊन कुलूप काढायचे, कॅरियरची दोरी गुंडाळायचे. त्यांची ती पाठ बघून दुकानदार घाबरायचा. "भाभीजी, भाईसाब को तो रोकिए," म्हणत मागे यायचा. मग मी गठ्ठा घेऊन बाहेर आले की मिस्टर दोरी परत सोडायचे आणि विचारायचे, "अच्छा, म्हणजे घेतलं?"

ते हवालदार म्हणून रिटायर झाले आणि चार वर्षांत त्यांना साखर निघाली. हॉस्पिटलमध्ये बोलायचं काम अर्थातच माझं. रांगेत भांडायचं, औषध बदलून का दिलं ते विचारायचं, पुढची तारीख लवकरची मिळवायची. मी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखते की तो किती सरकेल. काउंटरवरच्या मुलीच्या भुवया बघून मला कळायचं की आज तारीख मिळणार की नाही.

आणि मग ते पोर्टल आलं. काउंटरवरच्याच मुलीने सांगितलं की आता रोजची साखर मोबाइलवरून त्यात भरायची, रिपोर्ट तिथेच दिसतील, डॉक्टर तिथूनच बघतील, तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष यायचं. मी म्हटलं, "आणि काही विचारायचं असलं तर?" ती म्हणाली, "वहीं मेसेज कर दीजिएगा." तिच्या भुवया जराही हलल्या नाहीत. मला सरळ समजलं की आम्हाला दारातून बाहेर काढलं आहे.

पासवर्ड म्हणून मिस्टरांनी त्यांचा फौजेतला नंबर दिला. लग्नाची तारीख त्यांना दर वर्षी विचारावी लागते, पण तो नंबर झोपेतून उठवलं तरी सांगतील. मी पोर्टलही दुकानासारखंच चालवलं. सकाळी साडेसहाला मिस्टर ताठ बसून बोट पुढे करायचे, परेडला नखं तपासायला हात पुढे करतात तसं. मी सुई टोचायची, आकडा आधी वहीत लिहायची आणि मग मोबाइलमध्ये भरायची. आकडा चांगला असला की एक हिरवं पान यायचं, वाईट असला की नारिंगी. कोपऱ्यात मेसेजच्या चित्रावर एक लाल ठिपका आणि त्यात आकडा असायचा. तो वाढत जायचा. मी तो कधी उघडला नाही. माझ्या मोबाइलवर असे लाल ठिपके शंभर आहेत, सगळे काहीतरी विकणारे.

तर अपमानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोट टोचलं, आकडा वहीत लिहिला आणि मोबाइल बाजूला ठेवला.

"भरला नाहीस?" मिस्टर म्हणाले.

"नाही."

"का गं?"

"त्यांना गरज असेल तर विचारतील."

मी उठून चालले होते, एवढंच. पहिलं पाऊल. पाचव्या दिवशी पोर्टलवरून सूचना आली की तुम्ही पाच दिवसांत साखर भरलेली नाही. मी हसले. बघतायत. दहाव्या दिवशी तीच सूचना परत आली. दुसरं पाऊल. आता फोन येणार, कोणीतरी म्हणणार की आंटी, काय झालं, आणि मग मी जे बोलणार होते ते मी मशीनवर बसल्या बसल्या तयार केलेलं होतं. हिंदी वाक्यं नीट जुळवून ठेवली होती.

"अगं, भर ना ते," मिस्टर रोज म्हणायचे.

"थांबा हो. बोलावतील."

"कोण बोलावणार?"

"तुम्ही चहा घ्या."

ते चहा घ्यायचे. पूर्वीही असेच असायचे, मी म्हणेन तिथे सायकल लावणारे. मला तेव्हा जरा शंका यायला हवी होती, कारण ते फारच निवांत होते.

फोन आला नाही. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी, संध्याकाळी, मी दुकानातून आले तर हॉलच्या फरशीवर तपकिरी ठिपके होते. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून टीव्हीपर्यंत, एकाच पावलाचे. मिस्टर टीव्हीसमोर बसून क्रिकेट बघत होते.

"काय सांडलंत?"

"कुठे काय?"

मी त्यांची उजवी चप्पल उचलली. आत रक्त वाळलेलं होतं. चपलेच्या तळातून एक टाचणी वर आली होती, माझ्या दुकानातली, मोत्याच्या डोक्याची. लग्नसराई असल्यामुळे मी पडदे घरी आणून पिना लावत होते. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचणीने तळव्याला केलेलं भोक दिवसभर चालून चालून फाटलं होतं आणि भोवती लाल झालं होतं.

"सकाळी फिरायला हीच चप्पल घातली होती?"

"हो."

"आणि दुखलं नाही?"

ते टीव्हीकडे बघत राहिले, पण बघत नव्हते. मी जखमेच्या कडेला बोट दाबलं. पाय हलला नाही. मी आणखी दाबलं. पाय तसाच. आमच्या लाइनीतल्या एका सुभेदारसाहेबांचा पाय अशाच एका खड्याने गेला होता. आधी अंगठा, मग घोट्याखाली, मग गुडघ्याखाली. मला त्यांच्या कुबड्यांचा जिन्यावरचा आवाज आठवला.

हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, जखम स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी बांधा, ताप आला किंवा सूज चढली तर लगेच इमर्जन्सीला या, नाहीतर पोर्टलवर डॉक्टरांना फोटो पाठवा, त्या सकाळी सर्वांत आधी तेच बघतात. मी म्हटलं, मला डॉक्टरांशी बोलायचंय. तो म्हणाला, मेसेजमध्ये लिहा. मी जोरात बोलले. तो तितक्याच शांतपणे परत म्हणाला, मेसेजमध्ये लिहा. ज्याच्याशी भांडून काही मिळत नाही असा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता.

म्हणून मी तो लाल ठिपका पहिल्यांदा उघडला.

आत मिस्टर होते. वरपासून खालपर्यंत मिस्टर आणि डॉक्टरीणबाई. सगळं हिंदीत, आणि प्रत्येक मेसेजची सुरुवात "महोदया, सविनय निवेदन है कि" अशी. शेवटी "आपका आज्ञाकारी", खाली हुद्दा आणि फौजेतला नंबर. रजेचा अर्ज लिहितात तसे. तीस-चाळीस अर्ज.

सर्वांत खालचे गेल्या अठरा दिवसांचे होते. रोजची साखर. मी दुकानात गेले की हे माझी वही काढून आकडा उतरवत आणि स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवत. एके ठिकाणी लिहिलं होतं की पत्नी सध्या नाराज असल्यामुळे आकडे या मार्गाने पाठवत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. म्हणजे मी अठरा दिवस उठून चालले होते आणि माझ्या मागे हे त्याच दुकानात बसून होते.

मी वर गेले. मार्चमध्ये होळीचा सौदा होता. सविनय निवेदन होतं की महाराष्ट्रात होळीला पुरणपोळी खाण्याची परंपरा आहे, तरी चार पुरणपोळ्यांची परवानगी मिळावी. उत्तर आलं, एकही नको. यांनी लिहिलं, दोन. उत्तर, नको. यांनी लिहिलं की ठीक आहे महोदया, मग राहू द्या, त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. आणि त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचाच मेसेज, की अर्धी खा, त्या जेवणात भाकरी नको.

मी तो मेसेज दोनदा वाचला. होळीला मी मोठ्या मनाने यांना एक पोळी वाढली होती आणि यांनी अर्धी ताटात ठेवली होती. गूळ कमी पडला असेल, आता माझ्या हाताला चव राहिली नाही, असं मी आठवडाभर मनात घोळवत होते.

त्याच्याही वर, फेब्रुवारीतला एक अर्ज होता. तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. फरशी गार आहे की नाही ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलं होतं. यांनी लिहिलं होतं की एकट्याने येणं शक्य नाही, एप्रिलच्या तारखेला दाखवेन. बाईंनी लिहिलं होतं, पत्नीला सांगा. रोज पाय बघायला कोणीतरी हवं. त्यावर यांचं उत्तर मी इथे मराठीत देते, कारण हिंदीत ते मला अजून नीट वाचवत नाही. "तिला सांगितलं तर ती दुकान बंद करून घरी बसेल. लग्नसराई तोंडावर आहे. हे दुकान तिने शून्यातून उभं केलं आहे. मी फक्त सायकल धरली."

आणि एप्रिलमध्ये, त्या अपमानाच्याच संध्याकाळी: "आज पत्नीसमोर पायांचं सांगू शकलो नाही. ती स्वभावाने गरम आहे, पण माणूस चांगली आहे. आपण मनावर घेऊ नये." बाईंचं उत्तर होतं, "मी मनावर घेतलेलं नाही. मी पायांचं विचारलं तेव्हा तुमच्या जागी त्या बोलल्या, म्हणून मला थांबवावं लागलं. तुम्ही सांगायला हवं होतं."

मिस्टर टीव्ही बंद करून बसले होते. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर होता.

"वाचलंस?" ते म्हणाले.

"चार मागितल्यात?"

"चार मागितल्या की एक मिळते. तुझंच आहे ते."

"अर्धी मिळाली."

"मी कच्चा आहे," ते म्हणाले. "पण हाक आली की नाही?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, म्हणून मी उठून फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता म्हटलं, "माझ्याबद्दल बाहेरच्या बाईकडे माफी मागता?"

"गरम आहेस ते खोटं लिहिलं का?"

"पायाचं मला सांगायचं होतं."

त्यांनी पायाखालचं स्टूल मागे ओढून मला पुसायला जागा केली. मग म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू बिल्कुल विचारलं नाहीस. तू सांगत होतीस."

मी मेसेज पाठवला. फोटो लावला. काय लिहायचं ते सुचेना, म्हणून यांच्यासारखंच "महोदया, सविनय निवेदन है कि" असं लिहिलं आणि पुढे टाचणीचं. सकाळी सात वाजता उत्तर आलं की नऊला या.

हाडापर्यंत गेलं नव्हतं. जखम धुतली, इंजेक्शनं दिली, नरम तळाचे बूट घालायला सांगितले. भरायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी रोज पट्टी सोडताना वास घेऊन बघायचे, मग रंग, मग मोबाइलवर फोटो. दुकान बंद केलं नाही. यांनी मला शपथ घातली होती. फक्त पडदे घरी आणणं बंद केलं. करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या गल्लीतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं, त्याला काठी बांधली आणि रोज संध्याकाळी घरभर फिरवते. पहिल्या आठवड्यात सतरा टाचण्या निघाल्या. चुंबकाचा भाव केला. केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

संध्याकाळी मिस्टर पाय स्टुलावर ठेवतात आणि मी चष्मा लावून तळवे बघते, बोटांच्या मधल्या जागा बघते. पाय माझ्या हातात असले की ते बोलतात. फौजेतलं, गावचं, मला कधी न सांगितलेलं. सरोजिनी नगरला मी "चला" म्हणायची तेव्हा ते नाटक आहे हे त्यांना दुसऱ्याच वेळी कळलं होतं, हेही मला असंच एका संध्याकाळी समजलं. "मग दोरी का गुंडाळायचात?" मी विचारलं. "अर्धवट कशाला करायचं," ते म्हणाले.

जुलैत परत तारीख होती. तीच खोली, तेच शिकाऊ डॉक्टर. मी माझी खुर्ची मागे ओढून बसले. डॉक्टरीणबाईंनी पायांचं विचारलं. मिस्टर फार सावकाश बोलतात. टाचणीची गोष्ट त्यांनी पार्कातल्या पहिल्या फेरीपासून सुरू केली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. दोन ठिकाणी त्यांनी चुकीचं सांगितलं, तेही मी जाऊ दिलं.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "आंटी, आपको कुछ पूछना है?"

राग पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. दोन शिकाऊ पोरांसमोर तसं बोलायला नको होतं, हे माझं आजही म्हणणं आहे. पण विचारलं तर सौदा सोडायचा नाही. मी म्हटलं, गणपतीला मोदक. पाच.

"एक," बाई म्हणाल्या.

"तीन."

"एक, आंटी. छोटा."

मी पिशवी उचलली. "चला हो," म्हटलं आणि दाराकडे निघाले. एक पाऊल. दोन. तिसऱ्या पावलालाही मागून काही आवाज नाही. मी नियम मोडून वळून बघितलं. मिस्टर खुर्चीतच होते. उजव्या पायातला बूट काढून तळवा वर केला होता आणि करंगळीच्या खाली कुठे मुंग्या येतात ते बोट ठेवून डॉक्टरीणबाईंना दाखवत होते. त्या खाली वाकून बघत होत्या. दोघांपैकी कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

हे मुंग्यांचं मला नवीन होतं. मी परत आले, पिशवी खाली ठेवली आणि ऐकत बसले.